समुद्रावरची पृथ्वीप्रदक्षिणा : थांबत थांबत पूर्ण होणारी शर्यत



वारे, अक्षवृत्ते, आंतरराष्ट्रीय वाररेषा, नकाशाचं प्रमाण हे घटक आपण भूगोलात वेगवेगळ्या पाठांत शिकतो. पाठ संपला की मुलं व्याख्या लिहितात, परीक्षा होते आणि विषय तिथेच संपतो. पण हे सगळे घटक एकत्र भेटतात अशी एक खरीखुरी शर्यत जगात आहे. शिडाच्या नौकांतून पृथ्वीला फेरी घालायची, वाटेत ठरलेल्या बंदरांत थांबायचं आणि पुन्हा निघायचं. या शर्यतीचं आजचं नाव 'द ओशन रेस'.

सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी पूरक वाचन म्हणून हा पाठ तयार केला आहे. वाचताना पृथ्वीगोल किंवा जगाचा नकाशा समोर ठेवा. नुसतं वाचून मजा येणार नाही, बोट नकाशावर फिरलं पाहिजे.

१. ही शर्यत आहे तरी काय?

या शर्यतीतल्या नौका वाऱ्यावर चालतात. शर्यत सुरू असताना इंजिन लावून पुढे जायची परवानगी नसते. मार्गाचे टप्पे पाडलेले असतात. एका बंदरातून सगळ्या नौका एकाच वेळी सुटतात आणि पुढच्या बंदरात ज्या क्रमाने पोहोचतील त्याप्रमाणे त्यांना गुण मिळतात. काही दिवस थांबून पुढचा टप्पा सुरू होतो. सगळे टप्पे संपल्यावर गुणांची बेरीज होते आणि विजेता ठरतो.

२०१७-१८ च्या शर्यतीचे थांबे नकाशावर शोधा : आलिकांते (स्पेन), लिस्बन, केप टाउन, मेलबर्न, हाँगकाँग, ग्वांगझू, ऑकलंड, इताजाई (ब्राझील), न्यूपोर्ट (अमेरिका), कार्डिफ, गोथेनबर्ग आणि शेवटी हेग. एकूण १२ शहरं, ११ टप्पे आणि जवळजवळ ४५,००० सागरी मैल.

आता थोडं गणित करू. १ सागरी मैल = १.८५२ किमी. म्हणजे ४५,००० × १.८५२ = ८३,३४० किमी. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा परीघ सुमारे ४०,०७५ किमी आहे. म्हणजे 'एक' प्रदक्षिणा म्हणता म्हणता या नौका दोन प्रदक्षिणांपेक्षा जास्त अंतर कापून आल्या! असं का झालं, ते मार्ग बघताना कळेल.

हे माहीत आहे का? सागरी मैल हे माप पृथ्वीवरूनच घेतलेलं आहे. अक्षांशाच्या १ अंशाचे ६० भाग केले की एक भाग म्हणजे १ मिनिट, आणि तेवढं अंतर म्हणजे साधारण १ सागरी मैल. ताशी १ सागरी मैल वेग म्हणजे १ नॉट. २०२३ च्या शर्यतीत नौकांनी २४ तासांत ६४० सागरी मैलांपेक्षा जास्त अंतर कापलं. ६४० ला २४ ने भागा. सुमारे २६.७ नॉट, म्हणजे ताशी साधारण ४९ किमी. एखादी एसटी रस्त्यावरून जशी धावते, त्या वेगाने ही नौका फक्त वाऱ्याच्या जोरावर रात्रंदिवस धावत होती.

२. सुरुवात कशी झाली?

या गोष्टीची सुरुवात आपल्या मुंबईपासून करता येते. १९६० च्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज तरुण मुंबईत होता. त्याने इथल्या कारागिरांकडून सागवानी लाकडाची, जेमतेम ३२ फूट लांबीची शिडाची नौका बांधून घेतली. तिचं नाव 'सुहेली'. १९६८ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत जाहीर झाली, तेव्हा हा गडी आपली सुहेली घेऊन उतरला. नऊ जण निघाले होते. वाटेत कोणाची नौका मोडली, कोणी माघार घेतली, एकाचा तर मृत्यू झाला. शर्यत पूर्ण करणारा एकच, रॉबिन. तो ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी इंग्लंडला परत पोहोचला. मुंबईच्या सुतारांचं काम जगाच्या फेरीला पुरून उरलं, ही गोष्ट मुलांना नक्की सांगा.

नऊपैकी आठ जण अर्ध्यावर राहिले, हेही त्या शर्यतीने दाखवून दिलं. त्यानंतर काही वर्षांतच वेगळ्या रचनेची शर्यत आली : एकट्याऐवजी संघ, आणि न थांबण्याऐवजी थांबे. ८ सप्टेंबर १९७३ रोजी इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ बंदरातून १७ नौका निघाल्या. चार टप्पे होते : पोर्ट्समथ ते केप टाउन, केप टाउन ते सिडनी, सिडनी ते रिओ दि जानेरो आणि रिओ ते पुन्हा पोर्ट्समथ. व्हिटब्रेड ही ब्रिटिश कंपनी प्रायोजक होती, म्हणून तिला 'व्हिटब्रेड शर्यत' म्हणत. पुढे २००१ पासून 'व्होल्वो ओशन रेस' आणि आता 'द ओशन रेस' असं नाव बदलत गेलं.

पहिली शर्यत जिंकली कोणी? मेक्सिकोच्या रामोन कार्लिन या उद्योजकाच्या 'सायुला २' या नौकेने. समुद्रावरच्या शर्यतीत मेक्सिकोचं नावही कोणी घेत नसे. दक्षिणेच्या महासागरात लाटेच्या तडाख्याने ही नौका उलथली, आतल्या माणसांना मार लागला. तरी ती सावरली, सिडनीचा थांबा गाठला, दुरुस्त झाली आणि पुढे निघाली. त्या वेळी नौका लहान-मोठ्या असल्यामुळे आकारानुसार वेळेत सवलत धरून निकाल लावत, आणि त्या हिशोबात सायुला पहिली आली.

पण याच शर्यतीत तीन खलाशी समुद्रात पडले आणि परत मिळाले नाहीत. ही गोष्ट मुलांपासून लपवू नका. शर्यत किती खरी आहे, ते त्यावरूनच कळतं.

३. मार्ग असा वाकडातिकडा का?

आता नकाशावर आलिकांते आणि केप टाउन यांच्यामध्ये पट्टी ठेवा. पट्टीची रेघ आफ्रिका खंडावरून जाईल. ठीक आहे, खंडाला वळसा घालावाच लागेल. मग नौका आफ्रिकेचा किनारा धरून का जात नाहीत? त्या चक्क ब्राझीलच्या बाजूला का झुकतात?

उत्तर आपल्या 'वारे' या पाठात आहे. क्रमाने बघा.

• ईशान्य पूर्वीय वारे : जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून अटलांटिकमध्ये आलं की हे वारे मिळतात. ते पाठीमागून ढकलतात आणि नौका झपाट्याने दक्षिणेकडे जाते.

• विषुववृत्तीय शांत पट्टा : इथे हवा वर चढते, आडवा वारा फारसा नसतो. शिडं लोंबकळतात. मधूनच काळा ढग येतो, धो धो पाऊस, जोराचा झोत, आणि पुन्हा सगळं शांत. आठ दिवस पुढे असलेली नौका इथे अडकते आणि मागची शेजारून निघून जाते. म्हणून हा पट्टा जिथे अरुंद असेल तिथून ओलांडायची सगळ्यांची धडपड असते.

• दक्षिण अटलांटिकमधला जास्त दाबाचा प्रदेश : दक्षिण अटलांटिकच्या मध्यावर जास्त दाबाचा मोठा प्रदेश असतो. त्याच्या मधोमध गेलात तर वारा नाही. म्हणून नौका त्याच्या पश्चिमेकडून, म्हणजे ब्राझीलच्या बाजूने वळसा घेतात. अंतर वाढतं पण वेळ वाचतो.

• पश्चिमी वारे : ४०° दक्षिणेच्या पुढे गेलं की हे वारे मिळतात आणि नौका पूर्वेला केप टाउनकडे सुटते.

हा वळसा नवा नाही. १४९७ मध्ये वास्को द गामाची जहाजंही अशीच अटलांटिकमध्ये लांब आत शिरून मग आफ्रिकेच्या टोकाकडे वळली होती आणि १४९८ मध्ये कालिकतला पोहोचली. उपग्रह आले, संगणक आले, पण वाऱ्याने आखलेला रस्ता तोच राहिला.

केप टाउननंतर खरी परीक्षा सुरू होते. उत्तर गोलार्धात पश्चिमी वाऱ्यांना जमीन अडवते. दक्षिण गोलार्धात मात्र ४०° च्या पुढे जमीन जवळजवळ नाहीच. वारे पृथ्वीभोवती विनाअडथळा फिरत राहतात, म्हणून त्यांना 'गरजणारे चाळीस' आणि त्यापुढे 'खवळलेले पन्नास' म्हणतात. मुलं ही नावं पाठ करतात. त्यांना सांगा, की याच पट्ट्यात नौका सर्वांत वेगाने धावतात आणि याच पट्ट्यात सर्वांत जास्त मोडतात. घरापेक्षा उंच लाटा, बर्फासारखं पाणी आणि हिमनगांची भीती. हिमनगांमुळे आयोजक नकाशावर एक रेषा आखून देतात, तिच्या दक्षिणेला जायची बंदी असते.

याच प्रवासात नौका आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडतात. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना तोच वार पुन्हा येतो. म्हणजे खलाशांना एका आठवड्यात दोन मंगळवार मिळू शकतात! वर्गात विचारा, 'शर्यतीत एखाद्याचा वाढदिवस त्या दिवशी आला तर?' मुलं वाररेषा कधी विसरणार नाहीत.

हे माहीत आहे का? दक्षिण पॅसिफिकमध्ये 'पॉइंट निमो' हे ठिकाण आहे. जवळात जवळची जमीन तिथून सुमारे २,६८८ किमी दूर आहे. अंतराळ स्थानक डोक्यावरून जात असेल तर सर्वांत जवळची माणसं म्हणजे ४०० किमी वरचे अंतराळवीर! २०१७-१८ च्या शर्यतीत नौकांवरच्या यंत्रांनी पाण्याचे नमुने घेतले, तेव्हा पॉइंट निमोजवळच्या पाण्यातसुद्धा प्लॅस्टिकचे बारीक कण सापडले. जिथे माणूस पोहोचत नाही तिथे आपला कचरा पोहोचला आहे.

४. नौकेवरचा दिवस

नौकेवर दिवस-रात्र असं काही नसतं, पाळ्या असतात. काही तास काम, मग काही तास झोप, पुन्हा काम. अर्धे झोपलेले असतात तेव्हा अर्धे नौका चालवतात. वजन कमी ठेवायचं म्हणून जेवण सुकवलेलं असतं, त्यात गरम पाणी ओतायचं आणि खायचं. पिण्याचं पाणी यंत्राने समुद्राच्या खाऱ्या पाण्यापासून बनवतात. कपडे मोजकेच. अंघोळ म्हणजे पाऊस आला तर.

आपल्या कोकणात कोळी बांधव होडीच्या प्रमुखाला 'तांडेल' म्हणतात. इथेही तसा तांडेल असतो, त्याचा शब्द शेवटचा. त्याच्याबरोबर वारा आणि मार्ग बघणारा एक जण असतो. तो संगणकावर हवामानाचे नकाशे बघून उद्या कुठे जायचं ते सुचवतो. शिवाय प्रत्येक नौकेवर एक वार्ताहर असतो. त्याने फोटो काढायचे, बातम्या पाठवायच्या, पण नौका चालवायला हात लावायचा नाही, असा नियम आहे.

५. थांब्यावर काय होतं?

इथे जरा थांबू. 'शर्यत' म्हटलं की आपल्याला वाटतं, जो थांबला तो संपला. ससा-कासवाच्या गोष्टीत ससा थांबला म्हणून हरला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे मात्र थांबा हा शर्यतीचाच भाग आहे. ससा झोपला होता, हे लोक थांब्यावर काम करतात.

बंदरात पोहोचल्यावर नौका अनेकदा क्रेनने पाण्याबाहेर काढतात. तळ तपासतात. शिडं पसरून त्यांतली प्रत्येक फाटकी जागा शिवतात. दोर बदलतात. आजारी, जखमी खलाशी बरे होतात किंवा त्यांच्या जागी दुसरे येतात. पुढच्या टप्प्याचं हवामान अभ्यासतात. त्या शहरातली शाळकरी मुलं नौका बघायला येतात. बंदराजवळ छोट्या शर्यती होतात.

ज्या टप्प्यात थांबे नव्हते तिथे काय झालं, तेही बघा. २०२३ मध्ये कोरोनाच्या परिणामांमुळे चीन आणि न्यूझीलंडचे थांबे रद्द झाले होते. त्यामुळे केप टाउनहून थेट ब्राझीलच्या इताजाईपर्यंत १२,७५० सागरी मैलांचा टप्पा झाला. या शर्यतीच्या इतिहासातला हा सर्वांत लांब टप्पा. सुरुवातीलाच 'मालिझिया' या जर्मन नौकेच्या डोलकाठीला वरच्या भागात तडा गेलेला दिसला. परत केप टाउनला जावं तर शर्यत गेली. पुढे जावं तर डोलकाठी मोडायची भीती. खलाशी हलत्या डोलकाठीवर चढले आणि समुद्रातच तडा सांधला. त्यांनी काही काळ वेग कमी ठेवला, मागे पडले, पण घाई केली नाही. पाच आठवड्यांनी इताजाईला पहिली पोहोचली ती हीच मालिझिया! बंदर नसलं तरी त्यांनी आपला थांबा भर समुद्रात घेतला.

६. एकही टप्पा न जिंकता...

२०१७-१८ च्या शर्यतीत 'डाँगफेंग' हा चीनचा ध्वज असलेला संघ होता. शेवटचा टप्पा सुरू होईपर्यंत त्यांनी एकही टप्पा जिंकला नव्हता! दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा असे क्रमांक येत होते. पण हेच साठत गेलं. शेवटचा टप्पा सुरू झाला तेव्हा तीन संघ गुणांत जवळजवळ बरोबरीत होते. जो पुढे राहील तो शर्यत जिंकणार.

गोथेनबर्गहून हेगकडे जाताना वाटेत जहाजवाहतुकीचा बंदी असलेला भाग होता. त्याला किनाऱ्याच्या बाजूने वळसा घ्यायचा की खोल समुद्राच्या बाजूने? डाँगफेंगने किनाऱ्याची बाजू धरली, दुसरे दोन संघ बाहेरच्या बाजूने गेले. बराच वेळ डाँगफेंग मागे पडल्यासारखी दिसत होती. शेवटच्या तासांत दोन्ही मार्ग एकत्र आले आणि डाँगफेंग पुढे निघाली. २४ जून २०१८ रोजी त्यांनी पहिला टप्पा जिंकला आणि त्याच टप्प्यात पूर्ण शर्यत जिंकली. अंतिम गुण : ७३, ७०, ६९. या संघात कॅरोलिन ब्रूअर आणि मारी रिऊ या दोघी होत्या. ही शर्यत जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला.

घटक चाचणीत पहिला नंबर येत नाही म्हणून रडणाऱ्या मुलाला ही गोष्ट सांगून बघा.

७. नकाशा मोठा करून बघा

हा भाग नकाशाचं प्रमाण शिकवताना जरूर वापरा.

२९ नोव्हेंबर २०१४. 'वेस्टास' नावाच्या संघाची नौका केप टाउनहून अबू धाबीकडे हिंदी महासागरातून चालली होती. रात्रीचा अंधार, वेग जोरात. अचानक प्रचंड आवाज झाला आणि नौका प्रवाळखडकांवर आदळली. मॉरिशसच्या ईशान्येला असलेले हे कार्गादोस काराजोस नावाचे खडक. नौकेवर नऊ माणसं होती.

एवढी महागडी यंत्रं असून खडक दिसले कसे नाहीत? खडक संगणकाच्या नकाशात होते. पण नकाशा लहान करून बघितला तर ते स्पष्ट दिसत नव्हते, मोठा केला तरच दिसत होते. आपल्या पुस्तकातल्या भाषेत सांगायचं तर, लघुप्रमाण नकाशावर तपशील गळतात, बृहत्प्रमाण नकाशावर ते दिसतात. जगाच्या नकाशावर आपलं गाव दिसत नाही, म्हणून गाव नाही असं होतं का?

त्या रात्री नऊही जण वाचले. जवळून जाणारी 'अल्विमेडिका' ही प्रतिस्पर्धी नौका आपली शर्यत सोडून तिथे आली आणि मदत पोहोचेपर्यंत थांबून राहिली. खडकावर मोडून पडलेली नौका पुढे काढून इटलीला नेली, नव्याने बांधली आणि काही महिन्यांनी लिस्बनच्या थांब्यावर तो संघ पुन्हा शर्यतीत उतरला. शेवटचे दोन टप्पे ते धावले. जिंकण्याची शक्यता उरलेली नव्हती, तरी आले.

८. माणूस आधी, शर्यत नंतर

समुद्रावर एक जुना नियम आहे. कोणी संकटात असेल तर जवळच्या नौकेने जायचं. तिथे शर्यत, पैसा, देश काही बघायचं नाही.

मे २००६. न्यूयॉर्कहून इंग्लंडकडे जाताना 'एबीएन ॲम्रो टू' या नौकेवरून हान्स होरेव्होट्स हा ३२ वर्षांचा डच खलाशी रात्री लाटेने समुद्रात फेकला गेला. सहकाऱ्यांनी अंधारात, उसळत्या समुद्रात नौका वळवून त्याला शोधून काढलं. पण तो वाचू शकला नाही. बहुतेक सगळे तिशीच्या आतले तरुण, मित्राचा देह नौकेवर, आणि घर अजून कित्येक दिवस दूर.

दोन-तीन दिवसांतच 'मोव्हिस्टार' या दुसऱ्या नौकेचा तळ निकामी झाला, पाणी आत यायला लागलं आणि वादळ जवळ येत होतं. सर्वांत जवळ होती तीच नौका, एबीएन ॲम्रो टू. ते गेले. मोव्हिस्टारवरचे दहाही जण त्यांनी आपल्या नौकेवर घेतले. दहा माणसांच्या जागेत एकोणीस माणसं, आणि बरोबर मित्राचा देह, असे ते इंग्लंडकडे निघाले.

मार्च २०१८ मध्ये केप हॉर्नकडे जाताना जॉन फिशर हा ब्रिटिश खलाशी 'स्कॅलिवॅग' नौकेवरून समुद्रात पडला. सहकाऱ्यांनी खूप शोधलं, तो मिळाला नाही. फाटलेलं शीड थांब्यावर शिवता येतं, मोडलेली नौका पुन्हा बांधता येते. गेलेला माणूस कुठल्याच थांब्यावर परत मिळत नाही. म्हणून या शर्यतीत कमरेला दोर बांधणं हे शिडाइतकंच महत्त्वाचं. दुचाकीवर हेल्मेट घालायचा कंटाळा करणाऱ्या मोठ्या माणसांनीही हा परिच्छेद वाचावा.

या नियमाची दुसरी बाजू न्यायाची. जून २०२३ मध्ये हेगहून शेवटचा टप्पा सुटल्यावर थोड्याच वेळात आघाडीवर असलेल्या 'इलेव्हन्थ अवर रेसिंग' या अमेरिकन नौकेला दुसरी नौका धडकली. बाजूला मोठं भोक पडलं. चूक समोरच्याची होती आणि त्यांनी ती लगेच मान्यही केली. अमेरिकन संघाला टप्पा सोडावा लागला. निर्णय पंचांकडे गेला. पंचांनी आधीच्या कामगिरीच्या आधारावर त्यांना गुण दिले आणि तो संघ विजेता ठरला.

९. 'मेडन' नौकेच्या मुली

१९८५-८६ च्या शर्यतीत ट्रेसी एडवर्ड्स ही तरुणी एका नौकेवर स्वयंपाकी म्हणून गेली होती. पुढच्या वेळी तिने ठरवलं, सगळ्या मुलींचाच संघ काढायचा. प्रायोजक मिळेनात. तिने घर गहाण टाकून जुनी नौका विकत घेतली, मुलींनी स्वतः ती घासूनपुसून दुरुस्त केली आणि नाव ठेवलं 'मेडन'. जॉर्डनचे राजे हुसेन यांनी मदत मिळवून दिली. लोक म्हणत, पहिल्या थांब्यापर्यंतही पोहोचणार नाहीत.

सप्टेंबर १९८९ मध्ये निघालेली मेडन मे १९९० मध्ये साउथॅम्प्टनला परत आली. तिने आपल्या गटात दोन टप्पे जिंकले, एकूण दुसरा क्रमांक मिळवला. आणि जिंकलेले टप्पे कुठले? उरुग्वेहून ऑस्ट्रेलिया आणि तिथून न्यूझीलंड. पहिला तर दक्षिण महासागराचा, सर्वांत अवघड!

१०. आपल्याकडचा धागा

ही शर्यत भारतातही येऊन गेली आहे. २००८-०९ मध्ये केप टाउन ते कोची आणि कोची ते सिंगापूर असे टप्पे होते. डिसेंबर २००८ मध्ये नौका कोचीला मुक्कामी होत्या. डिसेंबरच का? नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ आठवा, उत्तर मिळेल.

याच समुद्रमार्गाने आपली माणसंही जाऊन आली, शर्यत नसली तरी. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली 'म्हादेई' ही नौका घेऊन नौदलाचे दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि १९ मे २०१० रोजी मुंबईला परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांनी चार थांबे घेतले : फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाउन. त्यानंतर अभिलाष टॉमी यांनी त्याच म्हादेईतून २०१२-१३ मध्ये न थांबता प्रदक्षिणा केली. २०१७-१८ मध्ये गोव्यातच बांधलेल्या 'तारिणी' नौकेतून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी वाटेत थांबे घेत जग फिरून आल्या. २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तारिणी घेऊन गेल्या आणि परतल्या.

उपक्रम

१. जगाच्या नकाशावर २०१७-१८ चे १२ थांबे टाचणीने दाखवा आणि दोरा फिरवा. दोरा कुठे वाकवावा लागला? तिथे कोणते वारे आहेत?

२. गटात खेळा. प्रत्येक गट म्हणजे एक नौका. दर आठवड्याला एक 'टप्पा' : पाढे, वाचन, शुद्धलेखन, नकाशा. पहिल्याला ७ गुण, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला ४ असे द्या. प्रत्येक टप्प्यानंतर एक तास 'थांबा' ठेवा. त्यात गटाने आपलं काय चुकलं ते शोधायचं आणि मागे पडलेल्या मित्राला शिकवायचं.

३. आपल्या तालुक्याचा आणि महाराष्ट्राचा नकाशा शेजारी ठेवा. तालुक्याच्या नकाशावर आहेत पण राज्याच्या नकाशावर नाहीत अशा पाच गोष्टी लिहा.

प्रश्न

१. विषुववृत्तीय शांत पट्ट्यात शिडाची नौका का अडकते?

२. दक्षिण गोलार्धात पश्चिमी वारे जास्त जोरात का वाहतात?

३. १२,७५० सागरी मैल म्हणजे किती किलोमीटर? (उत्तर : सुमारे २३,६१३ किमी)

४. शुक्रवारी पूर्वेकडे जाताना वाररेषा ओलांडली तर दुसऱ्या बाजूला कोणता वार असेल? (उत्तर : गुरुवार)

५. अल्विमेडिका नौका आपली शर्यत सोडून का थांबली? तुम्ही असता तर काय केलं असतं? पाच ओळी लिहा.

शाळेचं वर्षही असंच टप्प्यांचं असतं. आकारिक चाचणी, प्रथम सत्र, द्वितीय सत्र. दोन टप्प्यांच्या मधल्या दिवसांत आपण बहुतेक वेळा पुढचा पाठ उरकायला घेतो. त्याऐवजी थोडं थांबून शिडं तपासली, फाटलं तिथे शिवलं आणि मागे राहिलेल्या मुलाची वाट बघितली, तर पुढचा टप्पा सगळा वर्ग मिळून गाठेल. उपक्रम वर्गात करून बघा.